ॲरेत ऑब्जेक्ट शोधताना

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. जावास्क्रिप्टमधल्या ॲरेमध्ये, म्हणजे यादीत, शेकडो ऑब्जेक्ट्स आहेत, प्रत्येकाला आयडी आहे आणि आपल्याला आयडी ४२ असलेलं हवंय. अटीत बसणारं पहिलं ऑब्जेक्ट देणारं फाइंड लिहायचं, झालं काम! मग त्यावर बोलायचं काय? तर शोधून झाल्यावर हातात काय येतं, यावर. बरेचसे बग तिथेच दबा धरून बसलेले असतात.

आधी इंडेक्सऑफचा, म्हणजे दिलेली गोष्ट कितव्या जागी आहे ते सांगणाऱ्या मेथडचा, निकाल लावू. नवशिके हमखास त्याच्याकडे जातात. आयडी ४२ असलेलं नवं ऑब्जेक्ट बनवतात आणि ॲरेला विचारतात, हे तुझ्यात आहे का? उत्तर येतं उणे एक, म्हणजे नाही. कारण ऑब्जेक्ट्सची तुलना करताना जावास्क्रिप्ट आतल्या किमती बघतच नाही. मेमरीतलं तेच ऑब्जेक्ट आहे का, एवढंच बघते.

म्हणून अट फंक्शनच्या रूपात द्यावी लागते. फाइंड आणि ऑब्जेक्टऐवजी त्याची जागा देणारं फाइंडइंडेक्स भाषेत आले २०१५ साली, ईएस६ या आवृत्तीबरोबर. अटीत बसणारी सगळी ऑब्जेक्ट्स देणारं फिल्टर मात्र २००९ च्या ईएस५ मध्येच होतं, त्यामुळे फिल्टर करून शून्याव्या, म्हणजे पहिल्या, जागेवरचं उचलायची पद्धत जुन्या कोडमध्ये अजून दिसते. चालतं तेही. पण फाइंड पहिलं सापडताच थांबतं, फिल्टर शेवटपर्यंत जातं. शिवाय फाइंड दिसलं की वाचणाऱ्याला कळतं, इथे एकच हवंय. मला तर वेगापेक्षा हेच जास्त मोलाचं वाटतं.

आणि सापडलंच नाही तर? फाइंड अनडिफाइन्ड (म्हणजे काहीच नाही) देतं, फिल्टर रिकामा ॲरे, फाइंडइंडेक्स उणे एक. आता हे तिन्ही इफच्या कंसात टाकून बघा. अनडिफाइन्ड खोटं ठरतं, ठीक. रिकामा ॲरे मात्र खरा ठरतो! उणे एकही खराच. आणि फाइंडइंडेक्सला पहिल्याच जागी सापडलं, तर मिळतं शून्य, जे खोटं. म्हणजे सापडलं तर ‘नाही’ आणि नाही सापडलं तर ‘हो’. नुसतं आहे की नाही एवढंच हवं असेल, तर सम (some) ही मेथड वापरा. ते सरळ ट्रू किंवा फॉल्स देतं.

अटीतही खाचखळगे आहेत. फॉर्ममधून किंवा यूआरएलमधून आलेला ४२ ही स्ट्रिंग असते आणि ॲरेतला ४२ नंबर. तीन बरोबर-चिन्हांची तुलना त्यांना एक मानत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसतं अनडिफाइन्ड. आणि तीनऐवजी एकच चिन्ह पडलं, तर ती तुलना राहत नाही, असाइनमेंट होते. तिची किंमत ४२, म्हणजे खरी, म्हणून पहिलंच ऑब्जेक्ट सापडल्याचं जाहीर होतं. कन्सोलवर छापून बघाल तर आयडी ४२ दिसेल. दिसणारच, आत्ताच तुम्ही तो तिथे लिहिलात! मूळ ॲरेतही तो बदललाय, कारण फाइंड कॉपी देत नाही, तेच ऑब्जेक्ट देतं.

आता वेगाचं. वीस-पंचवीस ऑब्जेक्ट्ससाठी डोकं शिणवू नका. पण १०,००० ऑर्डर्सवर लूप फिरतोय आणि प्रत्येक फेरीत ५,००० ग्राहकांच्या ॲरेवर फाइंड चाललंय, तर वाईटात वाईट परिस्थितीत ५ कोटी तुलना होतात. अशा वेळी लूपच्या आधी एकदाच मॅप, म्हणजे की दिली की थेट व्हॅल्यू देणारा साठा, बांधायचा, आयडी ही की आणि ऑब्जेक्ट ही व्हॅल्यू. इथे मॅप म्हणजे न्यू लावून बनवतो तो, ॲरेची मॅप मेथड नव्हे. मग प्रत्येक ऑर्डरसाठी फक्त गेट. पण ही अदलाबदल डोळे झाकून करू नका. एकाच आयडीची दोन ऑब्जेक्ट्स असतील, तर फाइंड पहिलं देतं, आणि मॅपमध्ये नंतरचं आधीच्याला पुसून टाकतं. म्हणून मॅप बांधून झाल्यावर त्याचा साइझ ॲरेच्या लेंग्थशी ताडून बघा. कमी भरला, तर आयडी कुठेतरी दुबार आहेत, आणि त्यातलं कुठलं खरं, हे डेटा पुरवणाऱ्यालाच विचारावं लागेल.