क्षेपणास्त्राचे वय कसे ठरते?

[दृश्य : चांदीपूर, प्रक्षेपण]

ओडिशाच्या किनाऱ्यावरील चांदीपूर येथून 21 आणि 22 मे 2018 रोजी, लागोपाठ दोन दिवस, ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या चाचण्या झाल्या. आगीचा असा लोळ आपण बातम्यांत अनेकदा पाहिला आहे. मात्र या वेळी औत्सुक्य वेगाचे वा पल्ल्याचे नव्हते. दहा वर्षांचे आयुर्मान ठरवून दिलेले हे अस्त्र पंधरा वर्षे सेवेत ठेवता येईल का, हे तपासायचे होते, आणि चाचण्या यशस्वी ठरल्या. उड्डाण ही अशा तपासणीची केवळ शेवटची पायरी असते.

[दृश्य : ताणयंत्रातील नमुना]

यंत्राच्या दोन जबड्यांत पकडलेला, डंबेलच्या आकाराचा हा करडा तुकडा म्हणजे घन इंधन. हाताला ते टणक खोडरबरासारखे लागते. ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारे अमोनियम परक्लोरेटचे कण आणि ॲल्युमिनियमची भुकटी एचटीपीबी नावाच्या रबरी बंधकात, म्हणजे कणांना धरून ठेवणाऱ्या पदार्थात, बसवलेली असते. यंत्र तुकड्याला संथपणे ओढते, मधला भाग बारीक होतो, कणांभोवतीचा बंधक सुटू लागतो आणि तुकडा तुटतो. ताजा नमुना जितका ताणला जातो तितका जुना सहसा ताणला जात नाही, कारण ऑक्सिजनच्या संपर्काने बंधकाच्या साखळ्या एकमेकींत अधिक गुंततात आणि रबर कडक होते. अशा कडक इंधनाला साठवणीतील थंडी-उष्म्याच्या फेऱ्यांत तडा गेला, तर डागतेवेळी जळणारा पृष्ठभाग वाढतो, मोटरमधील, म्हणजे इंधन ज्यात जळते त्या नळकांड्यातील, दाब एकाएकी चढतो आणि कवच फुटू शकते. इंधन आणि आतील अस्तर यांच्यात पडलेली फटही तितकीच घातक असते. तिचा शोध क्ष-किरणांनी घेतला जातो.

[दृश्य : तापवलेल्या कपाटांची रांग]

पंधरा वर्षे वाट पाहणे शक्य नसल्याने नमुने साठ-सत्तर अंश सेल्सिअसला महिनोन्‌महिने ठेवले जातात. तापमान वाढले की रासायनिक क्रिया किती वेगाने होते, याचे सूत्र स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये मांडले आणि त्याच आधारावर कपाटातील महिन्यांवरून भांडारातील वर्षांचा अंदाज बांधला जातो. यात एक मेख आहे: भांडारातील तापमानाला कधीच सुरू न होणारी एखादी क्रिया कपाटात सुरू होऊ शकते. त्यामुळे हा अंदाज प्रत्यक्ष साठ्यात जुन्या झालेल्या मोटरीच्या नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो, आणि त्यासाठी एखादी धडधाकट मोटर कापावी लागते. वरवर ही उधळपट्टी वाटते, ती नाही.

पुण्याच्या सुतारवाडीतील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेची पाळेमुळे 1908 साली नैनितालमध्ये स्थापन झालेल्या रासायनिक परीक्षकाच्या कार्यालयापर्यंत जातात. स्फोटके आणि इंधने हाच तिचा विषय. तरीही प्रक्षेपणाच्या बातमीत अशा प्रयोगशाळांच्या वाट्याला जेमतेम एखादे वाक्य येते.

[दृश्य : आकडेमोडीचा फळा]

क्षेपणास्त्र एकदाच वापरता येते, त्यामुळे त्याची विश्वासार्हता मोटारगाडीसारखी चालवून पाहता येत नाही. समजा, 22 क्षेपणास्त्रे डागली आणि एकही फसले नाही; तरीही 90 टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते की विश्वासार्हता किमान 90 टक्के आहे. इतकी महागडी अस्त्रे केवळ आकड्यासाठी कोण डागणार? म्हणून मोटर, बॅटरी, रबरी सील, प्रज्वलक यांची तपासणी स्वतंत्रपणे होते आणि त्यांच्या विश्वासार्हतांचा गुणाकार केला जातो. प्रत्येकी 99 टक्क्यांचे दहा भाग एकापुढे एक जोडले, की संपूर्ण यंत्रणा 90 टक्क्यांच्या आसपास येते.

[दृश्य : पुलगाव]

साठवलेली स्फोटके केव्हा काय करतील, याचा भीषण प्रत्यय वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात 31 मे 2016 रोजी आला; त्या आगीत सैन्याधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले.

[दृश्य : मिनिटमन, संग्रहित चित्रण]

अमेरिकेचे मिनिटमन-3 क्षेपणास्त्र 1970 साली दहा वर्षांच्या हिशेबाने सेवेत आले आणि आजही सायलोंमध्ये, म्हणजे जमिनीखालील उभ्या प्रक्षेपण-विवरांमध्ये, सज्ज आहे. युटामधील हिल हवाई तळावर त्याच्या जुन्या मोटरी कापून तपासल्या जातात. पुढे त्याच्या पहिल्या दोन टप्प्यांतील जुने इंधन काढून नवे ओतण्यात आले आणि तिसऱ्या टप्प्याच्या मोटरी नव्याने बनवण्यात आल्या. सायलोतून निवडलेले एखादे क्षेपणास्त्र अधूनमधून कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग येथे नेऊन, अण्वस्त्राविना, पॅसिफिकमधील क्वाजालिन बेटांच्या दिशेने डागले जाते. 1 नोव्हेंबर 2023 रोजीच्या अशाच एका चाचणीत बिघाड आढळल्याने ते उड्डाणातच नष्ट करावे लागले.