जिन्याचं दार

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका दाराविषयी बोलायचं आहे. उंच इमारतीत लिफ्टशेजारी, जिन्याकडे जाणारं जे जड दार असतं ना, ते. आपण त्याला फायर डोअर म्हणतो. ते उघडायला जोर लागतो, सोडलं की आपलं आपण मिटतं, आणि दोन्ही हातांत पिशव्या असल्या की त्याचा फार राग येतो. मग कुणीतरी त्याच्या पायाशी वीट सारतं. माझ्या इमारतीत अशी एक वीट कित्येक महिने होती. मीही रोज तिच्या शेजारून जात होतो. दार उघडं आहे, बरं आहे, एवढंच मनात यायचं.

९ जानेवारी २०२२. रविवारची सकाळ. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ट्विन पार्क्स या १९ मजली इमारतीत, अगदी खालच्या मजल्यांवरच्या एका घरात, विजेच्या हीटरमुळे आग लागली. आग फार पसरलीच नाही. ते घर आणि बाहेरचा पॅसेज, एवढंच जळलं. तरीही १७ माणसं गेली आणि त्यांत ८ मुलं होती. सगळी धुरानं गेली. घरातली माणसं बाहेर पडली तेव्हा त्यांच्यामागे घराचं दार आपोआप मिटायला हवं होतं, ते मिटलं नाही. वरच्या एका मजल्यावर जिन्याचं दारही उघडं होतं. धुराला वाट मिळाली आणि तो जिन्यातून चढत गेला.

जीव घेऊन धावणाऱ्या माणसांना यात कुणी बोल लावू नये. पोरं कडेवर घेऊन पळणारा माणूस मागे वळून दार ओढणार नाही, हे दार बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर दाराला वर क्लोजर, म्हणजे दार आपोआप मिटवणारं यंत्र, बसवतात. माणसाच्या हातून राहील ते काम त्यानं करायचं असतं. आपण तोच सैल करून ठेवतो किंवा काढून टाकतो.

हे दार नुसतं जाड लाकूड किंवा पत्रा नव्हे. चौकटीच्या किंवा दाराच्या कडेला खाचेत एक पट्टी असते. ती तापली की फुगते आणि फट बुजवते. पण सुरुवातीचा धूर तेवढा गरम नसतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी ब्रशसारखी किंवा रबरी पट्टी लागते. दार आणि चौकट यांच्यातली फट साधारण ३ मिलिमीटर असावी. झडप, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, काच, क्लोजर हे सगळं एकत्र भट्टीपुढे लावून तपासतात आणि मग ते ३० किंवा ६० मिनिटं आग अडवणारं दार ठरतं. त्यातलं एक अंग बदललं, तर ती मिनिटं गृहीत धरता येत नाहीत. दार खाली घासतं म्हणून सुतारानं रंधा मारला, नवं कुलूप बसवताना मोठं भोक पाडलं, रंगाऱ्यानं पट्टीवरूनच ब्रश फिरवला. दार पूर्वीसारखंच दिसतं, आगीत मात्र टिकेलच असं नाही.

आता जबाबदारी कुणाची? जिन्याच्या आणि पॅसेजच्या दारांची जबाबदारी इमारत चालवणाऱ्यांची, यावर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो घराच्या दारावर. "माझं घर, माझं दार, मी हवं तसं बदलीन." हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या घरी आग लागली, तर तेच दार शेजाऱ्याच्या आणि जिन्याच्या मध्ये उभं असतं. पैसे तुमचे असतील, पण त्याच्यामागे जीव इतरांचेही आहेत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी आग लागली आणि ७२ माणसं गेली. तिथल्या चौकशीत घरांच्या दारांचे नसलेले किंवा बिघडलेले क्लोजर हाही एक मुद्दा निघाला. आता इंग्लंडमध्ये, २३ जानेवारी २०२३ पासून, ११ मीटरहून उंच निवासी इमारतींत सामायिक जागेतली दारं दर ३ महिन्यांनी तपासावी लागतात. घरांची मुख्य दारं दर १२ महिन्यांनी तपासण्याचा शक्य तेवढा प्रयत्न करावा लागतो. घराचं दारही साऱ्या इमारतीचं आहे, हे तिथं कायद्यातच आलं. भाडेकरूंनाही सांगतो, दुरुस्ती मालकानं करायची असली तरी दार बिघडलेलं आधी तुम्हालाच दिसणार. कळवायला उशीर करू नका.

आमच्या जिन्यातली वीट शेवटी मी उचलली. दुसऱ्या दिवशी तिथे कुंडी होती. मग कळलं, क्लोजर इतका घट्ट होता की वरच्या मजल्यावरच्या आजींना दार ढकलताच येत नव्हतं. कुंडी त्यांनीच ठेवली होती. मेकॅनिकनं क्लोजर बेतानं सैल केला. आता आजी दार उघडतात आणि दार मिटतंही. म्हणून दाराला पाचर लावणाऱ्यावर ओरडण्याआधी, त्यानं ती का लावली हे विचारा.

आज रात्री एक करा. दार वीतभर उघडा आणि हात काढून घ्या. मग पूर्ण उघडून पुन्हा सोडा. ढकलू नका, नुसतं ऐका. दोन्ही वेळा खिट्टी पडल्याचा खट असा आवाज यायला हवा. नाही आला, तर मजला आणि तारीख घालून समितीला लेखी कळवा आणि त्या पत्राची एक प्रत स्वतःपाशी ठेवा. पंधरवड्यानं पुन्हा त्याच दारापाशी जा आणि ऐका.

नमस्कार.