दाखल-खारीज रजिस्टर घेऊन इतिहासाचा तास

शिक्षक बंधू-भगिनींनो, नमस्कार.

इतिहासाची मूळ साधनं म्हटलं की आपल्याला वेरूळ आठवतं, पैठण आठवतं. पण शाळेच्या लोखंडी कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या आणि शाळा सोडलेल्या मुलांची नोंदवही, हेही अस्सल साधनच आहे. कुणबी नोंदींच्या शोधात 2023 साली त्यावरची धूळ झटकली गेली. इतिहासाच्या तासाला मात्र ते क्वचितच निघतं.

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन 1965 ते 1975 मधलं एक पान निवडा. मूळ रजिस्टर वर्गात नेऊ नका, कागद ठिसूळ झालेला असतो. नाव, जात आणि पत्त्याचे रकाने आधी कागदाच्या पट्ट्यांनी झाका, मग खिडकीपाशी, फ्लॅश न लावता, वरून सरळ फोटो काढा. झाकायचं राहिलं तर कुणाच्या तरी आजोबांची जात भर वर्गात वाचली जाईल. 25 नोंदी पुरतात. दोघांत एक प्रत द्या.

पहिली दहा मिनिटं तुम्ही गप्प राहा. मुलांना जन्मतारखा मोजू द्या. 1 जून पुन्हापुन्हा दिसली की मुलं हसतील. इथं आपण घाईनं उत्तर सांगून टाकतो आणि पाठ फसतो. त्याऐवजी विचारा, ही तारीख कुणी सांगितली, कुणी लिहिली? घरी जन्मतारीख ठाऊक नाही, शाळा जूनमध्ये भरणार, दाखल करायला वय तर बसलं पाहिजे. म्हणून गुरुजींनी 1 जून मांडली, इथवर मुलं आपली आपण पोचतात. म्हणजे ही नोंद जन्माबाबत कच्ची, पण शाळेचा कारभार कसा चाले याबाबत पक्की.

मग शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना. 1972 च्या दुष्काळात ‘सतत गैरहजर’ असा शेरा असेल तर तो गुरुजींनी टेबलापाशी बसून लिहिलेला आहे. पोरगं आईबापांबरोबर खडी फोडायला गेलं होतं का, हे त्यात नाही. ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायला सांगा. त्यांचं बोलणंही तपासावं लागतं, कारण आठवणीत दोन दुष्काळ एकमेकांत मिसळतात.

मराठवाड्यात 1948 पूर्वीचं, म्हणजे निजामाच्या काळातलं रजिस्टर हाती आलं तर ते उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे तेव्हाच्या महसुली कालगणनेत, असू शकतं. जाणकाराकडून शब्दन् शब्द उतरवून घ्या, नुसता सारांश नको. निजामाच्या राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. म्हणून इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीत फसली सनात 590 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या नोंदीत 591.