शार्कला दूर ठेवणारी उपकरणं: कोणती काम करतात आणि किती अंतरावर

मित्रहो, समुद्रात पोहणाऱ्या, सर्फिंग करणाऱ्या, पाण्याखाली बुडी मारणाऱ्या लोकांसाठी आज बाजारात बरंच काही मिळतं. मनगटावर बांधायचा चुंबकाचा पट्टा, घोट्याला बांधायचं विजेचं उपकरण, बोर्डाला फासायचं उग्र वासाचं मेण, पट्ट्यापट्ट्यांचे पोहण्याचे सूट. सगळ्यांचं म्हणणं एकच, की शार्क जवळ येणार नाही. माझं उत्तर मी आधीच सांगून टाकतो. जोरदार विद्युतक्षेत्र निर्माण करणारी मोजकी उपकरणं चावा घेतला जाण्याची शक्यता कमी करतात, पण ती शून्यावर आणत नाहीत, आणि त्यांची सत्ता चालते ती उपकरणापासून जेमतेम मीटर-दोन मीटरपर्यंत. चुंबक आणि मेण यांच्यावर मी जीव सोपवणार नाही, तुम्हीही सोपवू नये.

असं का म्हणतो, ते समजण्यासाठी थोडं मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडत होती, विमानं समुद्रात कोसळत होती, आणि वाचलेले सैनिक तासन्‌तास पाण्यात तरंगत राहत. त्यांच्यासाठी अमेरिकेत ‘शार्क चेझर’ नावाची वडी तयार झाली. तिच्यात कॉपर ॲसिटेट आणि काळा रंग असे. कुजणाऱ्या शार्कच्या मांसापासून जिवंत शार्क लांब जातात, या निरीक्षणातून ती कल्पना निघाली होती. पुढे पाककलेसाठी जगप्रसिद्ध झालेल्या ज्युलिया चाइल्ड तेव्हा ज्या गुप्तवार्ता विभागात काम करत, तिथेच हे काम चाललं होतं. ही वडी सत्तरच्या दशकापर्यंत वापरात राहिली. शार्कवर तिचा भरवशाचा परिणाम कधीच सिद्ध झाला नाही. पण पाण्यात एकट्या पडलेल्या माणसाला तिने धीर दिला, आणि त्या काळी तेही मोलाचं होतं. आज मात्र आपण पैसे देऊन संरक्षण विकत घेतो, तेव्हा धीर आणि संरक्षण यांचा हिशेब वेगळा ठेवायला हवा.

रासायनिक उपायांची मूळ अडचण पाणीच आहे. नंतर युजिनी क्लार्क या संशोधिकेने तांबड्या समुद्रातल्या एका चपट्या माशाच्या अंगातून पाझरणारं दुधासारखं विष शार्कला तोंड मिटू देत नाही, हे दाखवून दिलं. फार सुंदर शोध. पण ते विष माशाच्या कातडीवर असतं, शार्कच्या तोंडात थेट जातं. माणसाभोवतीच्या पाण्यात सोडलं, तर लाटा आणि प्रवाह ते काही क्षणांत पांगवून टाकतात.

म्हणून संशोधक वासाकडून विजेकडे वळले. शार्कच्या नाकाडावर आणि डोक्यावर बारीक छिद्रं दिसतात. त्यांच्या आत जेलीसारख्या पदार्थाने भरलेल्या नळ्या असतात. स्टेफानो लोरेंझिनी या इटालियन वैद्याने 1678 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना लोरेंझिनीच्या कुप्या म्हणतात. त्या नेमक्या कशासाठी आहेत, हे कळायला जवळजवळ तीन शतकं लागली. 1971 मध्ये ॲड्रियन कॅल्मिन यांनी दाखवलं, की वाळूत पुरलेला चपटा मासा शार्कला दिसत नसला, त्याचा वास येत नसला, तरी त्याच्या शरीरातल्या अतिसूक्ष्म विजेवरून शार्क त्याला हुडकून काढतो. माशाऐवजी नुसते इलेक्ट्रोड पुरले, तरी शार्क तिथेच उकरायला लागले. सेंटिमीटरमागे काही अब्जांश व्होल्ट इतका फरकही या अवयवाला जाणवतो.

इतक्या नाजूक इंद्रियावर जोरदार विजेचे धक्के आदळले तर शार्क बाजूला होईल, हा सगळ्या विद्युत उपकरणांमागचा विचार. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल शार्क्स बोर्ड या संस्थेने नव्वदच्या दशकात असं उपकरण विकसित केलं, आणि घोट्याला बांधायच्या आजच्या ‘शार्क शील्ड’चं मूळ तिथेच आहे. कॅल्मिनच्या प्रयोगावरून कोणालाही शंका येईल, की क्षीण वीज शार्कला ओढून घेते, तर हे उपकरण लांबच्या शार्कला आमंत्रण तर देणार नाही ना? शंका रास्त आहे. पांढऱ्या शार्कवरच्या चाचण्यांत हे मुद्दाम तपासलं गेलं आणि तसा कोणताही पुरावा आढळला नाही.

आता चाचण्यांकडे येतो, कारण खरी मेख तिथेच आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार्ली हुव्हनियर्स आणि सहकाऱ्यांनी ‘शार्क शील्ड’ हे एकच उपकरण दोन पद्धतींनी तपासलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात पाण्यात स्थिर आमिष टांगलं. तिथे शार्कने वेळ जास्त घेतला, पुन्हा पुन्हा जवळ येऊन गेला, पण शेवटी आमिष खाल्लं जाण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. दक्षिण आफ्रिकेत सीलच्या आकाराची प्रतिकृती बोटीमागे ओढली. उपकरण बंद असताना पांढरे शार्क तिच्यावर पाण्याबाहेर झेपावत होते, चालू केल्यावर त्या झेपा थांबल्या. उपकरण तेच, प्राणी त्याच जातीचा, आणि निकाल असे वेगळे. म्हणून ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असं वेष्टनावर वाचलं, की मी लगेच विचारतो: कोणत्या शार्कवर, किती भुकेल्या शार्कवर, आणि कशाच्या जवळ?

पुढे 2016 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मोसेल बे इथल्या ‘शार्क शील्ड’च्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. पहिल्या भेटीत पांढरे शार्क उपकरणापासून सरासरी 131 सेंटिमीटरवर थबकले. पुढच्या प्रत्येक भेटीत ते सरासरी 12 सेंटिमीटर अधिक जवळ आले. म्हणजे शार्क धिटावत जातो. तरीही प्रत्येक चाचणी संपेपर्यंत उपकरणाने त्यांना रोखून धरलं, हेही तितकंच खरं, आणि ते मला आश्वासक वाटतं.

सगळ्यात उपयुक्त तुलना 2018 ची. फ्लिंडर्स विद्यापीठाच्या चमूने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नेपच्यून बेटांजवळ पाच उत्पादनं एकाच पद्धतीने तपासली: दोन विजेची, दोन चुंबकाची आणि एक मेण. बोर्डाखाली ट्यूनाचं आमिष टांगलं, 297 चाचण्या घेतल्या, 44 वेगवेगळे पांढरे शार्क आले. काहीही न लावता 96 टक्के वेळा आमिष खाल्लं गेलं. बोर्डाला बसवायच्या ‘फ्रीडम प्लस सर्फ’ या विजेच्या उपकरणाने ते प्रमाण 40 टक्क्यांवर आणलं. उरलेल्या चारांचा परिणाम नगण्य होता किंवा दिसलाच नाही. त्या चारांत एक विजेचंही होतं, म्हणजे नुसती वीज असून भागत नाही. धक्क्याचा जोर, दोन धक्क्यांमधला वेळ आणि दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर यांवर सगळं ठरतं. पुढे न्यू कॅलेडोनियात बुल शार्कवर चाचण्या झाल्या, तेव्हा ‘फ्रीडम प्लस सर्फ’ने चावे सुमारे 42 टक्क्यांनी कमी केले. जात बदलली की आकडा बदलतो.

चुंबकांबद्दल थोडं स्पष्टच बोलतो, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यांच्याबद्दल येतात. काही लहान शार्क अगदी जवळच्या चुंबकाला बिचकतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट झालं की जोर साधारण आठवा हिस्सा उरतो. मनगटावरच्या पट्ट्याचा प्रभाव त्या हाताच्या आसपासच संपतो, तुमच्या पोटरीपर्यंत तो पोचतच नाही. आणि खालून वेगाने वर येणारा मोठा शार्क त्या शेवटच्या काही वितींत वळेल, ही आशा करण्याला माझ्या मते काही आधार नाही.

‘मी कित्येक वर्षं पट्टा बांधून पोहतो, मला कधी काही झालं नाही,’ असं लोक मनापासून सांगतात. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण फ्लोरिडातली आंतरराष्ट्रीय शार्क हल्ला नोंदवही पाहिली, तर 2023 साली साऱ्या जगात न डिवचता झालेले चावे 69 होते, आणि त्यांतले 10 जीवघेणे ठरले. पट्टा न बांधणाऱ्या कोट्यवधी लोकांनाही काही झालं नाही. इतक्या विरळ घटनेत एका माणसाच्या अनुभवावरून उपकरणाची बाजू घेता येत नाही, आणि पट्टा असूनही चावा बसला अशा एखाद्या प्रसंगावरून ते निकालातही काढता येत नाही. त्यासाठी उपकरण चालू आणि बंद ठेवून केलेल्या चाचण्याच लागतात. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सरकारने उपकरणांवर 200 ऑस्ट्रेलियन डॉलरची सवलत दिली, तेव्हा स्वतंत्र चाचणीत टिकलेल्या उपकरणांपुरतीच ती ठेवली. हा निर्णय मला अतिशय योग्य वाटतो.

पोहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सगळ्यात चांगले निकाल देणारं उपकरण बोर्डाला बसतं, अंगावर नाही. घोट्याला बांधायच्या उपकरणाची लांब शेपटी मागे तरंगते, विद्युतक्षेत्र तिच्याभोवती असतं. आडव्या पोहणाऱ्या माणसाचं डोकं आणि हात त्यापासून लांब राहतात. भाल्याने मासेमारी करणाऱ्यांनी, पांढऱ्या शार्कच्या वावराच्या पाण्यात बुडी मारणाऱ्यांनी असं उपकरण जरूर वापरावं, मात्र पेसमेकर असलेल्यांनी ते टाळावं. उपकरण आहे म्हणून सीलच्या वसाहतीजवळ किंवा गढूळ पाण्यात उतरायचं धाडस कोणी करू नये. त्याने मिळालेला फायदा तिथेच संपतो.

आणि चावा बसलाच, तर मृत्यू बहुतेक वेळा रक्तस्रावाने येतो. पायाला चावा बसला असेल, तर जखमीला किनाऱ्यावर आणताच उताणं झोपवा. कमरेचं पुढचं हाड आणि जननेंद्रिय यांच्या बरोबर मध्ये, जांघेत, मूठ ठेवा, कोपर ताठ करा आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबा. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, बोर्डाच्या दोरीने पाय आवळण्यापेक्षा या दाबाने पायाकडे जाणारं रक्त कितीतरी अधिक प्रमाणात थांबलं. वैद्यकीय मदत येईपर्यंत दाब सोडायचा नाही. दमलात तर शेजारच्याला जागा दाखवा आणि त्याची मूठ तिथे बसल्यावरच आपली उचला.