पाटी एक, पत्ते चार

[दृश्य: स्टेटरमध्ये तांब्याची तार भरणारे हात]

जळालेलं वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे, काढून टाकलं की मोटरमध्ये उरतो नुसता लोखंडी स्टेटर, तिचा न फिरणारा भाग. त्याच्या खाचांत आधी इन्सुलेशनचा कागद सरकवायचा, मग कॉइल बसवायची. वेढे किती होते, तार कुठल्या गेजची, म्हणजे किती जाड होती, हे जुनं वाइंडिंग सोडवतानाच मोजून ठेवावं लागतं. तिथं गफलत झाली तर मोटर तापणार, आणि काही दिवसांनी तीच मोटर पुन्हा याच टेबलावर येणार. शेवटी वार्निश. त्याचा वास कॅमेऱ्यात येत नाही, ते बरंच आहे.

पुण्यातल्या नारायण पेठेतलं हे दुकान. दुकानाच्या मालकांना पेठेत सगळे काका म्हणतात. आसपासच्या सोसायट्यांचे पाण्याचे पंप उतरवून आणायचे, वाइंडिंग भरून द्यायचे आणि पुन्हा बसवायचे, हा त्यांचा धंदा. काम उत्तम. प्रश्न आहे तो काका सापडण्याचा.

[दृश्य: मोबाइलचा स्क्रीन, एकामागून एक चार नोंदी]

सकाळी टाकीत पाणी नाही म्हटल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी मोबाइलवर 'पंप रिपेअर' शोधतो. तेव्हा त्याला काय दिसतं, बघा. पहिल्या नोंदीत पत्ता जुन्या वाड्याचा. तो वाडा पाडून तिथं इमारत झाली आणि दुकान रस्ता ओलांडून समोर आलं. दुसरीत 020 चा लँडलाइन, तो केव्हाच बंद झालाय. तिसरीत नावाचं स्पेलिंग वेगळं. चौथीत नाव काकांचं, पण नंबर भलत्याचाच. फोन मध्यस्थ उचलतो, मिळेल तो माणूस पाठवतो आणि वर कमिशन कापतो.

अशा नोंदींना सायटेशन म्हणतात. नाव, पत्ता, फोन: तीनच गोष्टी, पण सगळीकडे सारख्या हव्यात. शोधणाऱ्याला जवळची दुकानं दाखवताना गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची एकूण ओळख. अंतर काकांच्या हातात नाही. ओळख आहे. पण चार ठिकाणी चार तऱ्हेची माहिती असली तर हे दुकान एक की चार, हाच घोळ होतो.

[दृश्य: पेठेतले बोळ, देवळं, पोस्टाची लाल पेटी]

पेठेतला पत्ता मुळात तोंडी. पत्र्या मारुतीजवळ, भिकारदास मारुतीच्या मागं, जिलब्या मारुतीवरून डावीकडं. माणसाला एवढं पुरतं. पोस्टाला पुरत नव्हतं. 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिनकोड सुरू झाला, तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्राच्या दळणवळण खात्यातले हे मराठी अधिकारी संस्कृतचे कवीही होते. सहा आकड्यांतला पहिला विभागाचा. महाराष्ट्राचा 4, या पेठेचा 411030. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते आणि वाचता न येणारं अक्षर, या सगळ्यांवरचा तो उपाय होता. काकांच्या पत्त्याचं दुखणं त्याच जातीचं आहे. फक्त पोस्टमन ओळखीचा असतो, सर्च इंजिन नसतं.

[दृश्य: पाटी, जवळून]

पाटी देवनागरीत आहे. 2022 पासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. पाटीवर पहिला शब्द 'लक्ष्मी'. इंग्रजीत कुणी त्यात एक्स घातला, कुणी के-एस-एच. काकांच्या मुलीनं बिलबुकावर छापलेलं स्पेलिंग कायम केलं. 'बेस्ट पंप रिपेअर पुणे' असलं शेपूट नावाला लावायचं नाही, तो गूगलचा नियमच आहे. पाटीवर असेल तेच नाव.

[दृश्य: शंभर पानी वही]

ही वही बघा. साइट, ईमेल, नाव कसं लिहिलंय, पत्ता, फोन, तारीख. गूगल, बिंग, ॲपल मॅप्स, जस्टडायल, सुलेखा, इंडियामार्ट, फेसबुक पेज: प्रत्येकाची एक ओळ. आधी जुनी नोंद शोधायची, तिच्यावर मालकी सांगायची, ती दुरुस्त करायची. नवी नोंद त्यानंतर, नाहीतर दुकानं चाराची पाच होतात. शेकडो साइटवर एकदम नाव टाकून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. लॉगिन त्यांच्याकडे राहतं आणि पुढं पत्ता बदलला की त्यांचेच पाय धरावे लागतात. पासवर्डचं पान आम्ही दाखवत नाही आहोत.

[दृश्य: शटर उघडताना]

दुकान खरंच काकांचं आहे, याच्या पडताळणीसाठी गूगलला व्हिडिओ हवा होता. रस्ता, शेजारची दुकानं, पाटी, किल्लीनं उघडलेलं शटर, आतली अवजारं, सगळं एका दमात. कापाकापी चालत नाही. एडिटिंगवर पोट भरणाऱ्या आमच्या युनिटला हा नियम फार कडक वाटला. हे चित्रण मुलीनं मोबाइलवर केलंय. शटर मध्येच अडकलं, काकांनी लाथ घातली, तीही त्यात आहे. पडताळणी झाली.

फोन वाढलेत. ते सगळे या नोंदींमुळेच आले, असं काही सांगता येणार नाही.

मध्यस्थाचा नंबर असलेली ती चौथी नोंद मात्र अजून तशीच आहे. बदल सुचवून झाला, तक्रारही झाली. तुमच्या दुकानाच्या नावानं असं काही दिसलं तर आधी तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार करताना कामाला येतो.