"छे हो डॉक्टर, मला कुठलीच गोळी चालू नाही!"

नमस्कार मंडळी. माझ्या दाताच्या दवाखान्यात रोज घडणारा एक संवाद ऐका. मी विचारतो, "काका, काही औषधं चालू आहेत का?" काका म्हणतात, "छे हो, एकदम ठणठणीत." तेवढ्यात बाकावरून काकू ओरडतात, "अहो, सकाळची बीपीची गोळी?" काका म्हणतात, "ती होय? ती तर रोजचीच!"

हसू येतं, पण मला खरी धास्ती या 'रोजचीच'ची असते. खुर्चीत जे गोंधळ होतात, त्यातले बरेचसे पेशंटने घरूनच सोबत आणलेले असतात.

सगळ्यात जास्त वेळा काय होतं? चक्कर. तीही सुई टोचायच्या आधी, नुसती बघून! चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम, "कसंतरी होतंय" म्हणतो आणि मान टाकतो. अशा वेळी सोबतची मंडळी त्याला उठवून बसवतात आणि पाणी पाजायला धावतात. कृपा करून हे दोन्ही करू नका. घाबरल्यावर नाडी मंदावते, बीपी पडतं आणि मेंदूला रक्त कमी पोचतं. म्हणून तोंडातला कापूस-हत्यारं बाहेर काढायची, खुर्ची सपाट करायची आणि पाय वर घ्यायचे. बहुतेक जण मिनिटभरात डोळे उघडून विचारतात, "झाला का दात काढून?" दिवस भरत आलेल्या बाईला मात्र उताणं ठेवायचं नाही, डाव्या कुशीवर वळवायचं. नाहीतर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो.

आता शुगरवाले. आपल्याकडे एक समज पक्का आहे, दात काढायला उपाशीपोटी जायचं. त्यात चतुर्थी असली की बघायलाच नको. सकाळी इन्सुलिन घेतलंय, पोटात चहासुद्धा नाही आणि बाहेर तासभर नंबर लागलेला. मग हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, कधी चक्क भांडायला उठतो. शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यायचं. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. मग शिरेतूनच ग्लुकोज. साध्या भुलीच्या इंजेक्शनला उपास लागत नाही, पोहे खाऊन या!

अजून एक. "मला भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे." का? "मागे छातीत धडधडलं होतं." अहो, त्या भुलीच्या औषधात, म्हणजे लिग्नोकेनमध्ये, बहुतेक वेळा थोडं ॲड्रिनलिन असतं, रक्त कमी यावं आणि भूल टिकावी म्हणून. त्यातलं थोडं शिरेत गेलं तर धडधडतं आणि काही मिनिटांत थांबतं. ती ॲलर्जी नव्हे. खरी ॲलर्जी वेगळी दिसते: अंगभर गांध्या, ओठ सुजलेले, श्वासाला घरघर, बीपी खाली. भुलीच्या औषधापेक्षा पेनिसिलिनच्या घराण्यातल्या ॲमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्यांनी किंवा दुखण्याच्या गोळ्यांनी ती होण्याची भीती जास्त. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी घेऊन येऊ नका.

छातीत दुखायला लागलं तर जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. त्याआधी बीपी बघायचं आणि एक अवघड प्रश्न विचारायचा: गेल्या एक-दोन दिवसांत व्हायग्रासारखी गोळी घेतलीय का? दोन्ही एकत्र आल्या तर बीपी धाडकन कोसळतं. हा प्रश्न मी काकूंना बाहेर बसवून विचारतो. काकूंसमोर कोण खरं सांगणार?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं थोडक्यात सांगतो. दात काढायचाय म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल परस्पर बंद करू नका. हिरडीतलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. पण गोळी बंद केल्यामुळे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट बंद पडला तर माझ्या खुर्चीत त्यावर इलाज नाही. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा. ते अजिबात कोणी सांगत नाही. त्या औषधांमुळे क्वचित दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही.

आता नवीन डॉक्टरांसाठी, हे बघा. (ॲम्प्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची काचेची बंद कुपी, कॅमेऱ्याजवळ धरून) ॲड्रिनलिन, 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम. जोराची ॲलर्जी आली तर मोठ्या माणसाला यातलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. गरज पडली तर 5 मिनिटांनी पुन्हा. सोबत 108 ला फोन. वाचायला सोपं आहे ना? समोर पेशंट निळा पडत असताना या ॲम्प्यूलची ही इवलीशी मान मोडून बघा! माझी पहिली ॲम्प्यूल हातातच फुटली होती. तेही सरावात, म्हणून निभावलं.

तेव्हापासून मुदत संपलेल्या ॲम्प्यूल मी फेकत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, पेशंट गेले की मी, माझी असिस्टंट आणि रिसेप्शनवरची मुलगी, तिघं घड्याळ लावून त्या फोडतो, सिरिंजमध्ये भरतो आणि संत्र्याला टोचतो. सध्या सगळ्यात जलद रिसेप्शनवरची मुलगी आहे.