श्यामच्या आईला पदक मिळालं, वनमालाबाईंना नाही

श्रोतेहो, नमस्कार.

१९५४ साली भारत सरकारने चित्रपटांना पहिल्यांदा राष्ट्रीय पुरस्कार दिले, आणि त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मराठीकडे आलं. चित्रपट होता आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण त्या चित्रपटात आईचं काम करणाऱ्या वनमालाबाईंना कोणता पुरस्कार मिळाला, असं विचारलं तर उत्तर आहे, कोणताही नाही. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला फोकाने फटकावणारी, आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून आतून तुटणारी ती आई त्यांनी उभी केली, आणि सरकारदरबारी त्या कामाची नोंद झाली नाही. कारण अभिनयासाठी पुरस्कारच नव्हता. पदक चित्रपटाला होतं, नटाला नव्हतं.

हे असं बरीच वर्षं चाललं. पंधराव्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या वेळी, म्हणजे १९६७ सालच्या चित्रपटांसाठी, पहिल्यांदा सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री निवडण्यात आले. अभिनेत्याच्या पुरस्काराचं नाव होतं ‘भरत’, अभिनेत्रीच्या पुरस्काराचं ‘ऊर्वशी’. पहिला भरत पुरस्कार बंगालच्या उत्तमकुमार यांना मिळाला, तोही एकाच वर्षातल्या दोन चित्रपटांसाठी. ‘अँटनी फिरिंगी’मध्ये ते पोर्तुगीज वंशाचे कवियाल, म्हणजे बंगाली लोककवी-गायक, झाले होते आणि सत्यजित राय यांच्या ‘चिडियाखाना’मध्ये गुप्तहेर ब्योमकेश. पहिली ऊर्वशी ठरल्या नर्गिस, ‘रात और दिन’साठी. दिवसा साधी गृहिणी आणि रात्री क्लबात रमणारी बेधडक बाई, एकाच स्त्रीच्या आत नांदणाऱ्या या दोघी त्यांनी रंगवल्या. तो त्यांचा शेवटचा मोठा चित्रपट.

मला या पुरस्काराबद्दल जिव्हाळा वाटतो तो त्याच्या यादीमुळे. तिकीटबारीवर कोण मोठा आहे, हे त्या यादीत फारसं चालत नाही. १९६९ साली उत्पल दत्त, १९७० आणि १९७२ साली संजीवकुमार, १९७३ साली मल्याळमचे पी. जे. अँटनी, १९७५ साली कन्नडचे एम. व्ही. वासुदेव राव. १९७७ साली केरळचे गोपी, अदूर गोपालकृष्णन यांच्या ‘कोडियेट्टम्’साठी. गावातल्या जत्रा-उत्सवांत रमणारा, खाण्यावर मन असलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा एक भाबडा माणूस हळूहळू प्रौढ होत जातो, एवढंच त्या चित्रपटात घडतं. गोपी यांनी ते इतक्या सहजपणे केलं की केरळात पुढे त्यांना सगळे ‘भरत गोपी’ म्हणू लागले. तीन वेळा हा पुरस्कार घेणाऱ्या शारदाबाई अशाच ‘ऊर्वशी शारदा’ झाल्या. भरत, ऊर्वशी ही नावं सरकारी कागदांवरून केव्हाच गेली. लोकांनी ती सोडली नाहीत.

त्याच १९७७ साली अभिनेत्रीचा पुरस्कार आपल्या स्मिता पाटील यांना मिळाला, श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’साठी. इथे मला जरा थांबायचंय. ‘भूमिका’ बेतलेला आहे हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर. हंसाबाई म्हणजे मराठी पडद्यावरचं एक झळझळीत नाव. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार नव्हता, आणि १९७१ साली त्या गेल्या. मग त्यांच्याच आयुष्यावरून घडलेली उषा स्मिताने साकारली आणि त्या कामाला देशाने मान दिला. बावीस वर्षांच्या मुलीने एका नटीचं अर्धं आयुष्य पडद्यावर पेललं. त्यात एक प्रसंग आहे. विनायक काळे या श्रीमंत जमीनदाराच्या वाड्यात उषा राहायला येते. तिथे मानमरातब आहे, दागिने आहेत, जीव लावणारं माणूस आहे. एक दिवस ती घरातल्या पोराला जत्रेला न्यायला निघते आणि तिला कळतं, की या घरातल्या बायका उंबरा ओलांडत नाहीत. स्मिता तिथे आकांत करत नाही. आधी तिला वाटतं, काहीतरी गैरसमज झालाय. मग राग येतो. आणि मग आपण पुन्हा एकदा फसलो, हे तिच्या डोळ्यांत उतरताना आपल्याला दिसतं. तीन वर्षांनी ‘चक्र’साठी तिने हा पुरस्कार दुसऱ्यांदा मिळवला. १९८६ च्या डिसेंबरात ती गेली, तेव्हा ती अवघी एकतीस वर्षांची होती.

शबाना आझमी यांच्या नावावर हा पुरस्कार पाच वेळा आहे, ‘अंकुर’, ‘अर्थ’, ‘खंडहर’, ‘पार’ आणि ‘गॉडमदर’साठी. अमिताभ बच्चन यांना तो चार वेळा मिळाला. १९८४ च्या चित्रपटांपासून सहायक भूमिकांचाही वेगळा विचार होऊ लागला, आणि सहायक अभिनेत्रीचा पहिला मान ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी यांना मिळाला. नाना पाटेकर ‘परिंदा’साठी सहायक अभिनेते ठरले आणि पुढे ‘क्रांतिवीर’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. स्मिता, रोहिणीताई, नाना, सगळी माणसं आपली, पण हे सगळे पुरस्कार हिंदी चित्रपटांसाठी मिळालेले. मराठी चित्रपटातल्या कामासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेता व्हायला २००८ साल उजाडावं लागलं. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’साठी उपेंद्र लिमये यांना तो मिळाला. देवीला सोडलेला तायप्पा, अंगावर लुगडं, कपाळाला हळद आणि आत पुरुषाचं मन. या भूमिकेत हसं होण्याचा धोका पावलोपावली होता. उपेंद्रने त्याची लाज आणि त्याची भूक, दोन्ही झाकली नाहीत.

आणि मग बांध फुटावा तसं झालं. २०१० साली ‘बाबू बँड बाजा’साठी मिताली जगताप यांना अभिनेत्रीचा पुरस्कार. पोराने शिकावं म्हणून नवऱ्याशी, गावाशी, गरिबीशी भांडणारी आई त्यांनी केली होती. २०११ साली ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी, आणि त्याच चित्रपटाच्या संवादांसाठीही तेच. हरवलेली गाय शोधायला गेलेल्या केश्याला दत्त दिसतो, आणि तिथून सगळं गाव त्या दत्ताचा बाजार मांडतं. आपल्याला दिसलं ते खरं होतं, यावर केश्याची जी भाबडी श्रद्धा आहे ती गिरीशने कुठेही विनोदाला विकली नाही. २०१२ साली तर दोन्ही मान आले. ‘धग’मधल्या, स्मशानातल्या पिढीजात कामातून लेकाला बाहेर काढू बघणाऱ्या आईसाठी कोल्हापूरच्या उषा जाधव, आणि ‘अनुमती’साठी विक्रम गोखले, इरफान खान यांच्याबरोबर विभागून. ‘अनुमती’त बायको कोमात आहे, पैसा संपत चाललाय, आणि उपचार थांबवायच्या कागदावर सही करायला मुलगाच सांगतोय. विक्रमजींचा दमदार आवाज आपण रंगभूमीवर कितीदा ऐकला. इथे त्यांनी तो जवळजवळ मिटवून टाकला. पैशासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहताना वाक्य अर्ध्यावर सोडणारा म्हातारा आपल्याला दिसतो. पुरस्कार विभागून दिला की काहींना तो अर्धा वाटतो. इरफान आणि विक्रमजींच्या बाबतीत मला तसं कधीच वाटलं नाही.

निवड होते कशी, तेही सांगतो. ज्या वर्षाचा पुरस्कार, त्या वर्षी सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट निर्मात्याने स्वतः पाठवायचे असतात. पाच प्रादेशिक परीक्षक मंडळं ते बघतात, आणि त्यांनी पुढे धाडलेल्यांतून केंद्रीय मंडळ अंतिम निवड करतं. म्हणजे नटाने जीव ओतला आणि निर्मात्याने अर्जच भरला नाही, तर तो नट विचारातच येत नाही. हे मला खटकतं. नटाला स्वतःचं काम पाठवता यावं, एवढी सोय व्हायला हवी. दुसरी अडचण भाषेची. परीक्षक पडद्यावरची सबटायटल्स वाचत चित्रपट बघतात. केश्याच्या बोलण्यातला हेल, गोखल्यांनी घेतलेला विराम, हे सबटायटल्समध्ये उतरत नाही. तरीही त्यांच्यापर्यंत ते पोचलं, याचं श्रेय मी नटांइतकंच त्या परीक्षकांनाही देतो.

अभिनयासाठी मिळणाऱ्या रजत कमळाबरोबर पूर्वी पन्नास हजार रुपये मिळायचे. सत्तराव्या पुरस्कारांपासून ती रक्कम दोन लाख झाली. एकाहत्तराव्या वेळी शाहरुख खान यांना ‘जवान’साठी आणि विक्रांत मेस्सी यांना ‘ट्वेल्थ फेल’साठी विभागून मान मिळाला. तीस वर्षांहून जास्त काळ पडद्यावर राहिलेल्या शाहरुखचा हा पहिला राष्ट्रीय पुरस्कार. त्याची बातमी सगळीकडे झळकली. मात्र त्याच सोहळ्यात ‘नाळ २’ आणि ‘जिप्सी’ या आपल्या चित्रपटांतली चिमुरडी मुलंही बालकलाकार म्हणून राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेऊन आली. श्रोतेहो, ‘जिप्सी’ तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. पालावरून पालावर फिरणाऱ्या कुटुंबातल्या पोराचं ते काम आहे. जिथे मिळेल तिथे तो बघा, आणि घरातल्या मुलांनाही शेजारी बसवा.

नमस्कार.